इथे एक कधी वाजतो

आमच्या मस्सावात उजाडल्यापासून तास मोजतात.
तुमचे सात, तो आमचा एक.
तांबडं फुटलं, मिठागरं चमकली
की दिवसाला पहिला आकडा मिळायचा.
आई अजून फोनवर सांगते, 'दोनला बोलू,'
मी बोटांवर सहा मिळवते,
मग इथले म्हणून दोन वजा करते.

बोट्सफ्योरमध्ये नोव्हेंबरच्या शेवटी
सूर्य डोंगरामागे गेला तो गेलाच.
आता सांगा,
एक कधी वाजवायचा?

फिलमोन सात वर्षांचा.
बर्फाचा पहिला ढीग बघून म्हणाला,
'एवढं मीठ! कुणाचं?'
जीभ लावून पाहिली,
आणि माझ्याकडे असा बघत राहिला
जणू मीच ते आळणी केलं.

शिकले हळूहळू.
बुटांखाली खिळ्यांचे पट्टे बांधायचे.
गाड्यांनाही रात्री वायरीने भिंतीशी बांधतात,
दावणीच्या शेळ्यांसारख्या, इंजिन गोठू नये म्हणून.
माशांच्या कारखान्यात, कापणीच्या पट्ट्यापाशी चार अंश असतात.
आत शिरले की ऊब वाटते,
हे आईला सांगितलं नाही.

एका रविवारी दुपारी
(दुपारच म्हणते, घड्याळ म्हणतं म्हणून)
मातीची जेबेना काढली,
हिरवे दाणे तव्यावर घेतले.
भाजल्याचा धूर फिरवायचा असतो
पाहुण्यांच्या नाकाखालून.
पाहुणे नव्हते. भिंतींना दाखवला.
छताला वेगळंच वाटलं.
ते किंचाळलं, मग खालचं, मग जिना,
आणि पाच मिनिटांत अख्खी इमारत
उणे सतरात, दिव्याच्या खांबाखाली:
पायजम्यावर बूट चढवलेला एक बाप,
जाकिटात मांजर कोंबलेला शिक्षक,
ट्रॉलरवरची दोन लिथुआनियन पोरं,
न्हाऊन निघालेली, केस जागच्या जागी ताठ,
आणि तिसऱ्या मजल्यावरची तोरब्योर्ग,
कानाचं यंत्र मुठीत धरून.

बंब आला. त्यातून उतरलेला माणूस
आमच्याच कारखान्यात फोर्कलिफ्ट चालवतो.
वर जाऊन आला. म्हणाला, 'कॉफी.'

माफीचा शब्द मला चांगला पाठ होता.
नेमका तेव्हाच गोठला.
तोरब्योर्गने यंत्र कानात घातलं.
'जळली का सगळी?'
'नाही.'
'मग आपण इथे काय करतोय?'

अकरा माणसं, सहा कप.
मी सांगितलं, तीन वेळा प्यायची असते,
पहिली अवेल, दुसरी कालाय, तिसरी बरका,
तिसरीआधी उठायचं नसतं.
शिक्षक पहिल्यातच उठला, मांजर ओरबाडत होतं.
बाकीचे बसले. फारसं कुणी बोललं नाही.
इथे ते वाईट मानत नाहीत.

तोरब्योर्गला विचारलं,
'अंधारात तुमचा दिवस कधी सुरू होतो?'
ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली,
'पेपरवाल्याचे पाय जिन्यात वाजले की.
पण शनिवारी तो आता येत नाही.'
'मग शनिवारी?'
'शनिवारी मी झोपते.'

जानेवारीत शाळेने मुलांना टेकडीवर नेलं,
सूर्य परत येणार म्हणून.
जॅम भरलेले गोल पाव वाटले.
दक्षिणेकडे तोंड करून सगळे उभे राहिले,
आणि ढग काही हटले नाहीत.
कुणी रडलं नाही. पाव खाल्ले,
बाई म्हणाल्या, तो तिथेच आहे, मागे.
फिलमोनने माझ्याकडे पाहिलं,
मिठाच्या वेळी पाहिलं होतं तसंच,
मग पावाला जीभ लावून पाहिली,
आणि दुसरा मागितला.

तेवढ्यात आईचा फोन.
'किती वाजले गं तुमच्याकडे?'
मनगटावर सव्वाअकरा.
हनुवटीवर जॅम घेऊन पोरगं उतारावरून घसरत निघालेलं,
मागून तोरब्योर्ग, काठी टेकत,
त्याला ओरडत, की मला, कळेना.

'एक,' मी म्हणाले. 'आत्ताच वाजला.'
आई हसली. 'वेडी का तू? सात होऊन गेले.'

असतील. तुझ्याकडे.